दहावीनंतर वीजतंत्री व्हायचे आहे: आयटीआय, शिकाऊ उमेदवारी आणि परवाना यांविषयी मार्गदर्शन हवे

गिरणाकाठ

नमस्कार. माझा भाचा यंदा दहावी उत्तीर्ण झाला असून त्याला विजेच्या कामाची मनापासून आवड आहे. गुण बरे आहेत, विज्ञान आणि गणित दोन्ही विषयांत तो चांगला आहे. गावातील एका जुन्या वायरमनचे म्हणणे असे की, आयटीआयमध्ये दोन वर्षे घालवण्यापेक्षा मुलाला त्यांच्या हाताखाली पाठवावे, वर्षभरात तो घराची फिटिंग एकट्याने करू लागेल. बहिणीला मात्र मुलाच्या हातात सरकारमान्य प्रमाणपत्र असावे असे वाटते. आमच्या घरात या व्यवसायातील कोणीच नसल्यामुळे मला पुढील गोष्टी समजून घ्यायच्या आहेत: आयटीआयला इलेक्ट्रिशियन आणि वायरमन असे दोन वेगळे ट्रेड दिसतात, त्यांपैकी कोणता निवडावा? आयटीआय झाल्यावर लगेच काम करता येते की आणखी एखादा परवाना काढावा लागतो? आणि पुढे स्वतःचा व्यवसाय करायचा झाल्यास त्याची वाट कशी आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

शिल्पनिदेशक

प्रश्न योग्य वेळी विचारलात. दहावीच्या निकालानंतर व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया सुरू होते आणि वीजतंत्री या ट्रेडच्या जागा बहुतेक शासकीय संस्थांत पहिल्या एक-दोन फेऱ्यांतच भरतात. त्यामुळे अर्ज निश्चित करून विकल्प भरण्यास उशीर करू नये.

वीजतंत्री, म्हणजे इलेक्ट्रिशियन, हा दोन वर्षांचा ट्रेड असून त्यासाठी विज्ञान व गणित घेऊन दहावी उत्तीर्ण असावे लागते. तारतंत्री, म्हणजे वायरमन, हाही दोन वर्षांचाच ट्रेड आहे, पण त्याला आठवी उत्तीर्ण उमेदवार चालतो. तारतंत्रीचा भर वायरिंग, केबल, अर्थिंग आणि वितरण यांवर असतो. वीजतंत्रीच्या अभ्यासक्रमात हे सर्व असतेच, शिवाय डीसी यंत्रे, रोहित्रे (ट्रान्सफॉर्मर), थ्री-फेज मोटारी, स्टार्टर, मोटार रिवाइंडिंग आणि कंट्रोल पॅनेल हा मोठा भाग येतो. तुमच्या भाच्याची पात्रता वीजतंत्रीची आहे आणि कारखान्याचे दारही त्याच्यासाठी उघडे राहावे असे वाटत असेल, तर त्याने वीजतंत्रीच निवडावा.

सध्याच्या अभ्यासक्रमात वर्षाला १,२०० तासांचे प्रशिक्षण आहे. पहिल्या वर्षी त्यांतील ८४० तास प्रात्यक्षिकाचे, २४० तास व्यवसाय सिद्धांताचे आणि उरलेले रोजगारक्षम कौशल्यांचे असतात. हाताखाली शिकणाऱ्या मुलाला जे सहसा मिळत नाही, ते या ८४० तासांत मिळते. सुरुवातीचे काही आठवडे मुले फक्त तारा सोलतात आणि सांधे करतात: पिगटेल, मॅरिड, टी, ब्रिटानिया, वेस्टर्न युनियन. अनेकांना याचा कंटाळा येतो. तरीही मी प्रत्येक सांधा ओढून पाहत असे आणि सैल निघाला की पुन्हा करायला लावत असे, कारण सैल सांध्याचा रोध वाढतो, रोध वाढला की तो तापतो, आणि भिंतीच्या आत तापणारा सांधा कोणाला दिसत नाही. त्यानंतर जिन्याचे वायरिंग, गोदामाचे वायरिंग, वितरण पेटीची जोडणी, पाइप अर्थिंग व प्लेट अर्थिंग आणि अर्थ टेस्टरने मोजणी असा क्रम असतो. मोटारींचा बराच भाग दुसऱ्या वर्षी येतो.

दोन वर्षांअखेर अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. खासगी संस्थेत प्रवेश घ्यायचा असल्यास त्या संस्थेतील त्याच ट्रेडला राष्ट्रीय पातळीवरील संलग्नता आहे का, हे प्रवेशापूर्वी तपासावे. इमारत मोठी आहे किंवा नाव जुने आहे, एवढ्यावर विसंबू नये. नोकरीच्या अनेक जाहिरातींत नेमके याच प्रमाणपत्राचे नाव लिहिलेले असते.

पालकांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. आयटीआय केल्याने पुढचे शिक्षण थांबते, हा समज चुकीचा आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. राज्य मंडळाचे भाषा विषय उत्तीर्ण करून बारावीची समकक्षताही मिळवता येते. ज्याला शिकवण्याची आवड आहे, त्याच्यासाठी निदेशकांचा एक वर्षाचा प्रशिक्षणक्रम आहे.

गिरणाकाठ

सर, मनःपूर्वक आभार. ट्रेडविषयीची शंका पूर्ण फिटली. आता परवान्याविषयी कोणी लिहील काय? आयटीआयचे प्रमाणपत्र हाच परवाना, असे आमच्याकडे अनेक जण समजतात.

कृष्णाकाठचा ठेकेदार

मी परवानाधारक विद्युत ठेकेदार असून माझे बहुतेक काम निवासी इमारती आणि लहान कारखान्यांचे आहे. आयटीआयचे प्रमाणपत्र आणि काम करण्याचा परवाना या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. प्रमाणपत्र शिक्षण झाल्याचे सांगते, तर परवाना राज्य शासनाच्या अनुज्ञापक मंडळाकडून मिळतो. बोलताना आम्ही अजूनही त्याला पीडब्ल्यूडीचे लायसन्सच म्हणतो.

वीज कायदा, २००३ अन्वये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षेविषयी विनियम केले आहेत. ते आधी २०१० मध्ये आले आणि आता २०२३ चे विनियम लागू आहेत. त्यांतील तत्त्व जुन्या १९५६ च्या नियमांपासून चालत आलेले आहे. २५० व्होल्टपर्यंतचा दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली, तर विद्युत संचमांडणीचे कोणतेही काम, मग ते नवे असो वा दुरुस्तीचे, परवानाधारक ठेकेदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या कामगाराकडूनच करून घ्यायचे असते. म्हणजे कायद्याला एका कामामागे तीन जबाबदार माणसे अपेक्षित आहेत. तुमच्या भाच्याची वाटही याच तीन पायऱ्यांची आहे. आधी तारतंत्री परवाना, मग अनुभव घेऊन पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र, आणि शेवटी ठेकेदाराची अनुज्ञप्ती. आयटीआय उत्तीर्ण मुलाला राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्राच्या आधारे तारतंत्री परवान्यासाठी अर्ज करता येतो. मंडळ तारतंत्री आणि पर्यवेक्षक अशा दोन्ही परीक्षाही घेते. त्यांची पात्रता आणि अनुभवाची अट अर्जाच्या वेळी मंडळाच्या सूचनेतूनच वाचावी, क्लासवाल्यांच्या पत्रकावर जाऊ नये.

हे सगळे कागदोपत्री वाटेल, म्हणून कामावरचे एक उदाहरण देतो. नवीन वीजजोडणी घेताना ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. त्या रिपोर्टवर सही करण्यापूर्वी मेन स्विच बंद करायचा, पुरवठा तुटल्याची खात्री करायची, इलेक्ट्रॉनिक उपकरणे सोडवायची, सर्व स्विच चालू स्थितीत ठेवायचे, फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडायचे आणि मेगरने, म्हणजे वायरच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने, त्यांची अर्थच्या संदर्भात ५०० व्होल्टवर एक मिनिट चाचणी घ्यायची. वाचन किमान १ मेगाओम आले पाहिजे. कोरड्या, स्वच्छ वायरिंगमध्ये ते याहून कितीतरी जास्त येते. ते कमी आले, तर वितरण पेटीतून एकेक सर्किट वेगळे करून दोष शोधावा लागतो. बहुधा तो बाथरूममधील गीझरच्या पॉइंटवर सापडतो. तिथे पेटीत गिलाव्याचे ओले सिमेंट शिरलेले असते किंवा पाइपातून ओढताना वायरचे आवरण खरवडलेले असते. ही चाचणी न करता सही केलेला रिपोर्ट मी पाहिला की मला संताप येतो, कारण ज्या नळाखाली घरातले लहान मूल आंघोळ करणार आहे, त्या भिंतीविषयी त्या सहीने खोटे सांगितलेले असते.

तेव्हा भाच्याला परवाना लवकरात लवकर काढायला सांगा, आणि ज्याच्याकडे मेगर आहे आणि जो तो पेटीतून बाहेर काढतो, अशाच ठेकेदाराकडे त्याला काम शिकू द्या.

हातोडी छिन्नी

ठेकेदार साहेबांचे म्हणणे मान्य आहे, पण दुसरी बाजूही मांडली गेली पाहिजे. मी आठवीनंतर शाळा सोडून काकांच्या हाताखाली काम शिकलो. स्लॅब भरण्यापूर्वी कंड्युट, म्हणजे वायरचा पाइप, कसा बांधायचा, पंख्याची पेटी कुठे सोडायची, काँक्रीट ओतताना पाइप दबू नये म्हणून कोठे थांबायचे, भिंतीला झिरी किती खोल मारायची आणि ती आडवी का मारू नये, हे मी साइटवर शिकलो. आयटीआय करून आलेली मुले बोर्डावर जिन्याचे सर्किट सुंदर जोडतात, परंतु तीन वळणांच्या पाइपातून वायर ओढताना अडखळतात. संस्थेत बॅटन आणि केसिंग-कॅपिंगचा सराव होतो, तर बाहेर सगळे काम भिंतीच्या आतले असते. आमच्यासारख्यांना केवळ कागद नाही म्हणून अडाणी समजले जाते, याचे वाईट वाटते. अनुभव असलेल्या माणसाला परवान्याची काही वाट आहे का, हेही कोणी सांगावे.

शिल्पनिदेशक

तुमचा मुद्दा रास्त आहे. संस्थेतील कार्यशाळा साइटची जागा घेऊ शकत नाही, आणि म्हणूनच शिकाऊ उमेदवारीला मी प्रशिक्षणाचे तिसरे वर्ष मानतो. तुमच्यासाठी दोन वाटा आहेत. पूर्वानुभवाला मान्यता देणारी केंद्र शासनाची योजना आहे. तिच्यात अल्पकालीन उजळणीनंतर मूल्यमापन होऊन कौशल्याचे प्रमाणपत्र मिळते. मात्र ते आयटीआयच्या प्रमाणपत्राची बरोबरी करत नाही, हे लक्षात असू द्यावे. दुसरी आणि अधिक उपयोगाची वाट म्हणजे अनुज्ञापक मंडळाची तारतंत्री परीक्षा. तुमच्यासारख्या कुशल माणसाला प्रात्यक्षिकाची चिंता नाही. ओहमचा नियम, थ्री-फेजमधील व्होल्टेज व प्रवाहाचे संबंध, केबलचा आकार कसा ठरवतात आणि अर्थिंगचे नियम एवढे मन लावून केलेत, तर तुम्हाला ती जड जाणार नाही.

कृष्णाकाठचा ठेकेदार

हातोडी छिन्नी, तुमच्या कंड्युटच्या कामाला तोड नसेल यात मला शंका नाही. माझ्याकडचे सर्वांत चांगले दोन कारागीर असेच साइटवर घडले आहेत. पण घरात आता एसी, इंडक्शन, गीझर आणि वाहनाचा चार्जर एकाच वेळी चालतात. अशा वेळी दीड चौरस मिलिमीटरची वायर कुठे पुरत नाही, एमसीबी (प्रवाह जास्त झाला की पडणारा स्विच) वायरला वाचवतो आणि माणसाला वाचवायला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) का लागतो, हे गणित ज्याला येते तोच सुरक्षित काम करतो. हात तुमचा आहेच, गणित तेवढे जोडा आणि परीक्षा द्या.

११ केव्ही

मी ग्रामीण भागात महावितरणचा तंत्रज्ञ आहे. नोकरीबद्दल थोडक्यात सांगतो. आमच्याकडे विद्युत सहाय्यक या पदावर भरती होते. त्यासाठी वीजतंत्री किंवा तारतंत्री ट्रेडचे राष्ट्रीय प्रमाणपत्र लागते, पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर काम असते आणि त्यानंतर समाधानकारक सेवा पाहून तंत्रज्ञ म्हणून नियमित केले जाते. शैक्षणिक अट प्रत्येक वेळी जाहिरातीत पाहावी. कंपनीत आयटीआय उत्तीर्णांना शिकाऊ उमेदवार म्हणूनही घेतात.

मला खरे लिहायचे आहे ते झिरो वायरमनबद्दल. गावाकडे राहणाऱ्यांना हा प्रकार माहीत आहे. परवाना नाही, विमा नाही, हातमोजे नाहीत, कोणाच्या हजेरीपटावर नाव नाही, पण डीपीवर, म्हणजे गावातल्या रोहित्राच्या खांबावर, फ्यूज गेला की हाक त्यालाच मारली जाते, आणि तो पक्कड घेऊन खांबावर चढतो. धागाकर्त्यांच्या गावातील जुने वायरमन कसे काम करतात, हे मला माहीत नाही आणि त्यांच्यावर मी कोणताही आरोप करत नाही. तरीही मुलाला कोणाच्याही हाताखाली पाठवण्यापूर्वी, ते त्याला खांबावर चढवणार का, हे स्पष्ट विचारा.

लाइन बंद आहे म्हणजे ती मेलेली आहे, असे मुळीच नाही. कोणीतरी घरी किंवा दुकानात चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनित्र यांपैकी एकच जोडणारा स्विच) न लावता जनित्र चालू केले, तर त्याची वीज उलटी रोहित्राच्या लघुदाब बाजूला येते. ज्या रोहित्राने ११ केव्हीचे, म्हणजे ११,००० व्होल्टचे, ४३३ व्होल्ट करायचे, तेच ४३३ चे पुन्हा ११ केव्ही करते, आणि वर काम करणाऱ्याला खाली काय घडले याचा पत्ताही नसतो. यासाठीच आमच्याकडे क्रम ठरलेला आहे. उपकेंद्रातून लेखी परमिट घ्यायचे, स्विच उघडून तो उघडला आहे हे डोळ्यांनी पाहायचे, तारेत दाब नाही याची चाचणी घ्यायची, दोन्ही बाजूंनी डिस्चार्ज रॉड (तारेतील वीज जमिनीत उतरवणारी दांडी) लावून लाइन अर्थ करायची आणि मगच हात लावायचा. काम झाल्यावर रॉड काढले आणि माणसे मोजली, की परमिट परत. यातला एक टप्पा घाईत गाळला म्हणून गेलेले सहकारी मला आठवतात. झिरो वायरमनला हा क्रम कोणी शिकवलेला नसतो आणि त्याच्यामागे त्याच्या कुटुंबाला काही मिळतही नाही.

पॅनेलवाली

या धाग्यावर मुलींचा उल्लेख आला नाही म्हणून लिहीत आहे. आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. मी वीजतंत्रीच केले आणि सध्या एका कारखान्यात देखभाल विभागात आहे. कोणाच्या मुलीला या कामात रस असेल, तर घरच्यांनी तिला अडवू नये.

निदेशक सरांनी शिकाऊ उमेदवारीचा उल्लेख केला, त्यात थोडी भर घालते. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ अन्वये ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के या प्रमाणात शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. आयटीआय उत्तीर्ण वीजतंत्रीसाठी ही उमेदवारी साधारण एक वर्षाची असते. विद्यावेतन मिळते, २०१९ च्या सुधारित नियमांत ते दरमहा किमान ७,००० रुपये ठरले होते. शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. करार केंद्राच्या पोर्टलवर नोंदवला गेला आहे ना, याची खात्री पहिल्याच आठवड्यात करून घ्यावी. नोंदणी नसेल, तर वर्षभर राबूनही हाती प्रमाणपत्र येत नाही. माझ्या एका मैत्रिणीच्या बाबतीत नेमके हेच झाले.

त्या वर्षात काय शिकायला मिळते, याचे एकच उदाहरण देते. मोठी मोटार कमी प्रवाहात सुरू करणाऱ्या स्टार-डेल्टा स्टार्टरची आकृती मला संस्थेतच पाठ झाली होती. कारखान्यात एका पंपाची मोटार जळाली, तेव्हा आमच्या पर्यवेक्षकांनी मला ओव्हरलोड रिले (प्रवाह वाढला की मोटार बंद करणारे उपकरण) कुठे बसवला आहे, हे आधी बघायला सांगितले. तो मुख्य काँटॅक्टरनंतर, वाइंडिंगच्या वाटेवर होता. तिथून लाइनचा पूर्ण प्रवाह जात नाही, फेजचा प्रवाह जातो, म्हणून रिले नामपट्टीवरील प्रवाहाच्या सुमारे ५८ टक्क्यांवर लावायला हवा होता. कोणीतरी तो पूर्ण आकड्यावर लावून ठेवला होता, त्यामुळे मोटार तापत राहिली आणि रिले गप्प बसला. वर्गात मी एकला तीनच्या वर्गमुळाने भागण्याचे गणित अनेकदा सोडवले होते, परंतु ते कशासाठी करतात हे जळलेल्या वाइंडिंगच्या वासाने शिकवले. ज्या मुलांना आयटीआयनंतर लगेच जास्त पगाराचे काम मिळते म्हणून ती हे वर्ष टाळतात, त्यांनी कृपया पुन्हा विचार करावा.

नेकारकाठ

मी जर्मनीत, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात राहतो. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये याच राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून मला वीजतंत्री मुलांचे खूप फोन येतात, म्हणून येथील पद्धत थोडक्यात लिहितो.

येथे या व्यवसायाचे प्रशिक्षण साडेतीन वर्षांचे असते. मुलगा सुरुवातीपासून एखाद्या कंपनीशी करार करतो, बहुतेक दिवस कामावर असतो आणि आठवड्यातील एक-दोन दिवस व्यवसायशाळेत जातो. त्यानंतरही स्वतःच्या नावाने विद्युत कामांचा व्यवसाय काढायचा, तर साधारणपणे माइस्टर ही वरची पात्रता मिळवावी लागते. भारतातून आलेल्याच्या प्रमाणपत्राची येथील अभ्यासक्रमाशी तुलना होते आणि पूर्ण किंवा अंशतः समकक्षता दिली जाते. अंशतः मिळाल्यास उरलेला भाग येथे कंपनीत काम करत पूर्ण करता येतो. त्या तुलनेत अनुभवही धरला जातो, त्यामुळे शिकाऊ उमेदवारीचे प्रमाणपत्र आणि कामांचे तपशील लिहिलेले अनुभवाचे दाखले फार उपयोगी पडतात. ‘दोन वर्षे इलेक्ट्रिशियन म्हणून काम केले’ एवढाच दाखला असेल, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. आणि जर्मन भाषा आधीपासून, नेटाने शिकावी लागते. सुरक्षेची सूचना ज्याला नीट कळत नाही, त्याला येथे पॅनेलजवळ उभे करत नाहीत.

गिरणाकाठ

सर्वांचे ऋण मानतो. काल हा धागा मी बहिणीला आणि भाच्याला वाचून दाखवला. त्याने वीजतंत्रीसाठी अर्ज करायचे ठरवले आहे. सुट्टीच्या दिवशी गावातील वायरमनकाकांबरोबर घर फिटिंगच्या कामाला जाण्यास आमची हरकत नाही, मात्र खांबावर आणि डीपीवर जायचे नाही, हे काकांशी बोलून ठरवले. त्यांनीही ते मान्य केले. आता एकच विचारतो: तीन संस्था आम्हाला जाण्यायेण्यास सोयीच्या आहेत. विकल्प भरताना त्यांचा क्रम कसा लावावा?

शिल्पनिदेशक

तिन्ही संस्था प्रत्यक्ष पाहून या, आणि भाच्याला बरोबर न्या. यंत्रांच्या प्रयोगशाळेत मोटारी जोडलेल्या आणि वापरात आहेत की झाकून ठेवल्या आहेत, हे पाहा. ट्रेडचा निदेशक नियमित नेमलेला आहे का आणि मागील तुकडीतील किती मुलांना शिकाऊ उमेदवारी कोठे मिळाली, हे विचारा. मेगर, अर्थ टेस्टर आणि टाँग टेस्टर (तारेभोवती लावून प्रवाह मोजणारे उपकरण) मुलांच्या हातात देतात का, हे तेथे शिकणाऱ्या मुलांनाच विचारावे, ती खरे सांगतात. अंतर थोडे जास्त असले, तरी यांत जी संस्था उजवी ठरेल ती पहिल्या क्रमांकावर टाका. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, लागू असल्यास जातीचा दाखला आणि आधार कार्ड यांवरील नावाचे स्पेलिंग एकसारखे आहे ना, हे आजच तपासा. फरक असेल, तर तो प्रवेशापूर्वी दुरुस्त करून घ्यावा, कारण पुढे राष्ट्रीय प्रमाणपत्रावर तेच नाव छापले जाते आणि परवान्याचा अर्ज त्याच नावाने भरावा लागतो.